नव्व्याण्णवचं दुखणं

"आकडेच आहेत ना? मग घाबरायचं काय त्यात! मी रोज माणसांचे आखडलेले सांधे मोकळे करते. एक सॉफ्टवेअर मला जड जाणार?"

शनिवारी दुपारी फिजिओथेरपिस्ट बाईंनी अशी गर्जना केली, तेव्हा नवरा कोबी चिरत होता आणि सासूबाई सोफ्यावर पाय पसरून बसल्या होत्या. दोघांनीही मान वर केली नाही. अशा गर्जनांची घराला सवय होती.

गेलं वर्षभर बाईंनी दवाखान्यात गुडघेदुखीवाल्यांचा वर्ग चालवला होता. खुर्चीत बसून करायचे सोपे व्यायाम. आल्या आल्या प्रत्येकाला विचारायचं, "शून्य ते शंभरात किती दुखतंय?" तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दुखणं कमी झालं हे आकड्यांनी दाखवून दिलं, की बाईंचा प्रबंध पुरा! वर्गात खुद्द सासूबाईही होत्या. पहिल्या रांगेत. व्यायामासाठी थोड्या, सुनेवर लक्ष ठेवायला जास्त.

फोनवर मार्गदर्शक सर सॉफ्टवेअर शिकवत होते.

"दुसऱ्या खेपेला जे आलेच नाहीत, त्यांची जागा रिकामी सोडू नका. तिथे नव्व्याण्णव लिहा."

"लिहिलं, सर!"

"छान. आता नीट ऐका. हा नव्व्याण्णव म्हणजे..."

"गैरहजर! कळलं, सर! पुढचं माझं मी बघते!"

आणि बाईंनी फोन ठेवलासुद्धा. मग बाह्या सरसावून सरासरीचं बटण दाबलं. व्यायामाआधीचं दुखणं : पन्नास. व्यायामानंतरचं : छप्पन्न.

बाईंनी अशी किंकाळी फोडली की नवऱ्याची सुरी कोबीऐवजी ओट्यावर बसली.

"अहो, वाढलंय! माझ्या व्यायामाने लोकांचं दुखणं वाढलंय!"

"रकाने उलटे वाचतेयस का?"

बाईंनी डोळे चोळून पाहिलं. रकाने सुलटेच होते.

"मग उलटे करून टाक," नवरा मायेनं म्हणाला. "कोण बघतंय?"

"लबाडी करू? त्या बिचाऱ्यांनी विश्वासानं गुडघे माझ्या हवाली केले, आणि मी..." भरल्या डोळ्यांनी बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना निरोप धाडला : 'व्यायाम ताबडतोब बंद करा.'

पाचच मिनिटांत एका निवृत्त पोस्टमनकाकांचा फोन.

"बाई, मला तर बरं वाटत होतं!"

"तसं वाटतं, काका. आकडे वेगळं सांगतात."

"म्हणजे मला खरं तर दुखतंय?"

"तसंच दिसतंय."

"आणि मला कळत नाहीये?" काका हबकले. "बाई, हे फार वाढलंय का हो?"

सोमवारपासून वर्ग बंद. बाई आठवडाभर लॅपटॉपपुढे पाठीचं धनुष्य करून बसल्या. प्रत्येक आकडा तपासला, प्रत्येक बटण दाबून पाहिलं. छप्पन्न काही हलेना. घरात कुणी "जेवतेस ना?" म्हटलं तरी त्यांना रडू यायचं. सासूबाईंनी एकदा चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि चक्क एक शब्दही न बोलता निघून गेल्या. त्यावरून बाईंना आपली अवस्था किती वाईट आहे ते कळलं.

शेवटी प्रबंध सोडायचाच, असं ठरवून त्या लॅपटॉप घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी पडद्यावरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

"या नव्व्याण्णववाल्यांचं सॉफ्टवेअरला सांगितलंत ना? की हा खरा आकडा नाही, मोजायचा नाही?"

"सांगायचं असतं?"

"तेच सांगत होतो. तुम्ही फोन ठेवलात!"

झालं होतं ते असं. वर्गातले जवळपास एक तृतीयांश लोक गैरहजर, आणि सॉफ्टवेअरच्या मते ते सगळे घरी शंभरात नव्व्याण्णव दुखण्यानं गडाबडा लोळत होते! सरांनी एक खूण केली. छप्पन्न गेलं, छत्तीस आलं.

"कमी झालं!" बाई खुर्चीतून उडाल्याच. "सर, कमी झालं हो!"

"झालं. पण इतकी माणसं आली का नाहीत? ते शोधल्याशिवाय फार नाचू नका."

बाईंनी तिथूनच एकेकाला फोन लावले. काहींनी पत्ता बदलला होता, एकीला कंटाळा आला होता. पण एक आजोबा धापा टाकत म्हणाले, "बाई, मी टेकडीवर आहे, नंतर बोलू का? गुडघा दुखायचा थांबला, मग दवाखान्यात कशाला येऊ?"

सोमवारी वर्ग पुन्हा भरला. बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडून चूक कबूल केली. कुणी रागावलं नाही. पोस्टमनकाकांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे मला बरं वाटतंय ते खरंच आहे ना? बास!"

"खरंच आहे, काका! चला, करूया सुरुवात!" म्हणत बाई जोशात खाली वाकल्या.

आणि वाकलेल्याच राहिल्या.

मग काय! सगळा वर्ग खुर्च्या सोडून धावला. "श्वास घ्या, बाई. सावकाश. घाई नाही," असं अगदी बाईंच्याच सुरात सांगत त्यांनी बाईंना सतरंजीवर आडवं केलं, आणि त्यांच्या भोवती खुर्च्या मांडून व्यायाम पुरा केला. सासूबाईंनी मोठ्यानं आकडे मोजले.

बाईंनी दोन दिवस रजा घेतली. दवाखान्याच्या कार्यालयात फोन करून कारण सांगितलं, "घरी पाहुणे आलेत." फिजिओथेरपिस्टची पाठ धरली, हे कोणत्या तोंडानं सांगणार?