झेनाइदेचं नाक

“यंत्रं चुकतात, डॉक्टर चुकतात, नवरे तर जन्मतःच चुकलेले असतात! पण माझं नाक चुकत नाही!”

हे वाक्य दोना झेनाइदे (दोना म्हणजे आमच्याकडे ‘बाई’) दिवसातून निदान तीनदा म्हणायची आणि आमच्या लिबेरदादे वस्तीतल्या चढाच्या गल्लीत त्यावर कुणी हूं की चूं करत नसे. कारण पुरावे होते! दोना क्रेउझाच्या फ्रिजची वायर जळायला लागली, ते क्रेउझाच्या आधी झेनाइदेला कळलं होतं, आणि तेही चार घरं सोडून. गुड फ्रायडेच्या उपासाच्या दिवशी पाद्रीबुवांनी चोरून सॉसेज खाल्लं, ते तिनं चर्चमधल्या जाळीच्या अलीकडून ओळखलं. बिचारी स्वतःचं पाप सांगायला गेली होती, त्यांचं घेऊन आली!

घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस सरळ करायचं दुकान होतं. बावीस वर्षं! आमच्याकडे कुरळ्या केसांना तोंडावर ‘वाईट केस’ म्हणतात, जसा काही त्यांनी कुणाच्या घरी दरोडा घातलाय. या वाईट केसांना सुधारायला बायका झेनाइदेकडे यायच्या. बाटलीतलं औषध कायद्यानं सौम्य असतं. ते लावलं की केस चार दिवस शहाण्यासारखे वागतात आणि पाचव्या दिवशी परत आपल्या मूळ गावी! म्हणून त्यात वरून फॉर्मलिन घालायचं. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं आणि एकीनंही त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. फॉर्मलिन म्हणजे तेच, ज्यात शाळेत बरणीतला बेडूक बुडवून ठेवतात.

झेनाइदेला ते तिचा मावसभाऊ आणून द्यायचा. तो अंत्यविधीच्या दुकानात कामाला होता, मयताला टिकवायच्या खात्यात.

“मेलेला माणूस यात चार दिवस टवटवीत राहतो,” झेनाइदे म्हणायची, “मग जिवंत बाईचे केस तीन महिने का राहू नयेत?”

या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

आता ते किती घालायचं? मोजमाप कसलं! वाडगा नाकाशी धरायचा, फॉर्मलिन थोडं थोडं सोडत राहायचं आणि नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत झणका गेला की थांबायचं. चमचा नाही, वाटी नाही. नाक होतं ना!

गेलं वर्षभर मात्र जग बिघडत चाललं होतं. आधी कॉफीचा वास गेला. झेनाइदेनं तीन वेळा दुकान बदललं. मग साबणाचा गेला. मग फॉर्मलिनचाही! तिनं मावसभावाला झापलं, “पाणी घालतोस का रे त्यात? मुडद्यांनाही फसवतोस? लाज नाही वाटत?” तो शपथा घेत राहिला आणि ती वाडग्यात दुप्पट ओतत राहिली. झणका यायला हवा ना! बायका डोळे चोळत म्हणायच्या, “हल्ली जरा जास्तच चावतंय हो.”

“चावतंय म्हणजे लागतंय!” झेनाइदे म्हणायची, की विषय संपला.

सगळ्यात वाईट प्रकरण क्रेउझाचं झालं. क्रेउझा पांढरा घेरदार झगा घालून, डोक्याला फडकं बांधून कोपऱ्यावर आकाराजे तळायची. देंदे या लाल पामतेलात चवळीच्या पिठाचे ते वडे पडले की अख्ख्या चढाला भूक लागायची. एके दिवशी झेनाइदे तिच्या कढईसमोर उभी राहिली आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, “क्रेउझा, तुझ्या देंदेला वास नाही! साधं तेल मिसळतेस!” देंदेत भेसळ! आमच्याकडे बाईला तिच्या चारित्र्यावरून बोललेलं परवडतं, देंदेवरून नाही. क्रेउझानं झारा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि पुढचे आठ महिने ती झेनाइदेशी बोलली नाही. आणि ही क्रेउझा म्हणजे झेनाइदेच्या नातीची, तैनाराची, धर्ममाता! पोरीच्या बाप्तिस्म्याला तिनंच तिला उचलून धरलं होतं. पण तैनाराच्या पंधराव्या वाढदिवसाचं आमंत्रण गल्लीत सगळ्यांना गेलं, फक्त कोपऱ्यावरच्या कढईशी येऊन परत फिरलं.

तैनाराची आई साओ पावलोत लोकांची घरं सांभाळायची आणि पोर आजीकडे वाढत होती. तिला दमा होता. लहानपणापासून आजीचा नियम एकच, दुकानात काम सुरू झालं की पोरीनं क्रेउझाच्या घरी जाऊन बसायचं. भांडण झाल्यापासून ती गच्चीवर बसायची. आजीला धोका कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. नातीपुरता तिला तो नीट कळत होता!

पण पंधराव्या वाढदिवसाला मुलीनं सगळ्यांसमोर नाचायचा तो वाल्ट्झ तैनाराला सरळ केसांत नाचायचा होता. शाळेत तिच्या केसांना भांडी घासायचा काथ्या म्हणत. दोन वर्षं ती मागं लागली होती आणि दोन वर्षं आजी म्हणत होती, “पंधरा पूर्ण होऊ देत.” शनिवारी पंधरा पूर्ण होणार. त्याच सकाळी बसनं आई येणार. झेनाइदेनं शब्द दिला होता, आई बसमधून उतरेल तेव्हा तुझे केस कमरेपर्यंत पडद्यासारखे पडलेले असतील!

तर शुक्रवारी दुपारी पोर खुर्चीत बसली. हातात दम्याचा पंप.

“एकदाच गं बाळा,” झेनाइदे म्हणाली. “दीड तास कळ काढायची.”

“आजी, खिडकी उघडी ठेवशील?”

“उघडी? बाहेर हवा बघ किती दमट आहे! केस फुगतील, सगळी मेहनत पाण्यात!”

खिडकी बंद झाली. दार बंद झालं. बाकावर तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या, दोघींच्या डोक्याला औषध आधीच फासलेलं. झेनाइदेनं वाडगा नाकाशी धरला. काही नाही. ओतलं. काही नाही. आणखी ओतलं. नात घरची, औषध कमी पडलं असं व्हायला नको, म्हणून बाटलीतलं उरलेलंही ओतलं.

मग केसांवर गरम इस्त्री फिरायला लागली आणि खोलीत पांढरी वाफ चढली. बाकावरच्या तिघी मुसमुसायला लागल्या. एक ओंजळीत खोकली, दुसरी टॉवेलात. झेनाइदेचे डोळे तर बावीस वर्षं रोजच गळायचे, त्यात तिला नवल नव्हतं. पण या तिघी! तिचा ऊर भरून आला.

“रडा गं, रडा!” ती म्हणाली. “पोर एकदाच पंधराची होते! मीसुद्धा कालपासून सारखी रडतेय.”

“झेनाइदे, अगं, श्वास...” एक म्हणाली.

“माहीत आहे. माझाही भरून आलाय.”

“आजी,” तैनारा म्हणाली, “जळजळतंय.”

“मान हलवू नकोस. ओला केस वाकडा पडला की तसाच राहतो. आता बटा किती राहिल्या? पाच!”

पोरीनं मान हलवली नाही. तिला ते केस फार हवे होते.

तेवढ्यात खिडकीवर धाडधाड झालं. बाहेर क्रेउझा, डोळे लालबुंद, हातात झारा तसाच.

“झेनाइदे! सिलिंडर गळतोय तुझा! तिकडे कोपऱ्यावर माझे डोळे जळतायत!”

“आठ महिन्यांनी तोंड उघडलं, ते भांडायलाच!” झेनाइदे पुटपुटली. तरी आत जाऊन तिनं सिलिंडर वरपासून खालपर्यंत हुंगला. जाताना इस्त्री तेवढी टॉवेलावर ठेवली होती. मग खिडकी उघडून तिनं जमलेल्या गल्लीला ऐकवलं, “काहीसुद्धा वास नाही! माझं नाक सांगतंय!”

झालं! घराबाहेर आलेली माणसं परत घरात गेली. नाक नाही म्हणालं म्हणजे नाही. पलीकडच्या म्हाताऱ्यानं तर अग्निशमनवाल्यांना लावलेला फोन माफी मागून ठेवून दिला! पुढं कितीतरी दिवस आम्ही सगळे ती पाच मिनिटं आठवत बसलो. आम्ही सगळे, मीसुद्धा.

फक्त क्रेउझा हलली नाही. तिचा राग डोळ्यांतून पाण्याबरोबर वाहत होता. तिनं कढईतून तसाच उचलून आणलेला झारा, ज्यावरून देंदे अजून ठिबकत होतं, खिडकीतून थेट झेनाइदेच्या नाकाखाली धरला.

“माझ्या तेलाला वास नाही म्हणतेस? घे! हे कढईतलं ताजं आहे! सांग वास नाही म्हणून!”

झेनाइदेनं लांब श्वास घेतला.

“आहे कुठं?” ती अगदी मनापासून म्हणाली.

क्रेउझानं झारा खाली घेतला. तिनं झेनाइदेच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुझ्या मागं टॉवेल जळतोय.”

झेनाइदे वळली. इस्त्रीखालून काळा धूर निघत होता, टॉवेलाला हातभर भोक पडलं होतं. जळक्या फडक्याचा वास! चार घरं सोडून वायरीचा वास ओळखणारी ती आणि हातभर अंतरावर तिला काही कळलं नव्हतं. तिचं वर्षभराचं सगळं भांडण, कॉफीवाल्याशी, साबणवाल्याशी, मावसभावाशी, क्रेउझाशी, एका क्षणात तिच्याच अंगावर आलं. भेसळ कुठंच नव्हती. नाक मेलं होतं. आणि त्या मेलेल्या नाकाच्या भरवशावर तिनं आज वाडगा भरला होता!

क्रेउझानं वाट पाहिली नाही. पांढऱ्या झग्यासकट ती दारावर आदळली, कडी तुटली आणि तिनं तैनाराला खुर्चीसकट बाहेर ओढलं. पोर अजून मान ताठ धरून होती. ओठ निळसर झाले होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पंप तिनं केव्हाच संपवला होता. आजीला आवाज द्यायलाही श्वास उरला नव्हता.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं परत फोन लावला. मग अग्निशमनवाले आले, गाडी चढावर वळेना म्हणून धावत आले. त्यांच्या सार्जंट लुसिवानियानं सिलिंडरला यंत्र लावलं. यंत्र गप्प! डोक्याला औषध फासलेल्या बायका पायरीवर बसून ठसकत म्हणाल्या, “बघा, सिलिंडर ठीक आहे.” सार्जंटबाईनं नुसतं दारातून आत डोकावलं, खोकत मागं आली आणि वाडग्याकडं बोट दाखवून म्हणाली, “हे कुणी कालवलं?”

“मी,” झेनाइदे म्हणाली. बस, एवढंच.

सार्जंटबाईनं पोरीला प्राणवायूचा मास्क लावला, डोक्यावर पाणी ओतलं आणि मानेखाली हात घालून उचललं. तिच्या हातात कमरेपर्यंतची एक बट आली. मग दुसरी. मग जवळजवळ सगळेच केस. तिनं ते झेनाइदेला दिसू नयेत म्हणून मूठ मिटली, पण एवढे केस मुठीत मावतात होय?

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होती आणि रागावलेली होती. पोर वाचली, असं तिनं आधी सांगितलं. डोक्याची कातडी भाजली होती, दोनतीन आठवडे लागतील. मग तिनं झेनाइदेच्या नाकापुढं स्पिरिटचा बोळा धरला. मग कॉफीची पूड. झेनाइदे प्रत्येक वेळी शहाण्या मुलीसारखी मान नकारार्थी हलवत राहिली.

“परत येईल?”

“सांगता येत नाही. बहुतेक नाही. किती वर्षं करताय हे?”

“बावीस.”

“बंद खोलीत?”

“हवा दमट असते हो.”

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. नाकाच्या आणि घशाच्या आतल्या तपासण्या कराव्या लागतील, ती म्हणाली, कारण या वाफेनं कर्करोग होतो हे जगजाहीर आहे. तुमच्या गिऱ्हाइकांना वर्षातून चारदा लागते ती वाफ तुम्हाला रोज लागत होती. “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” झेनाइदे म्हणाली. “मला वास येत होता, तोवर मी ऐकत नव्हते.”

बाहेर बाकावर क्रेउझा बसली होती, झग्याला तेलाचे आणि औषधाचे डाग. झेनाइदे तिच्या शेजारी बसली.

“तुझं तेल चांगलं होतं,” झेनाइदे म्हणाली.

“मला माहीत आहे.”

“उद्या वाढदिवसाला ये.”

“कुठला वाढदिवस गं आता?” क्रेउझा म्हणाली आणि तिनंच मग रडायला सुरुवात केली. या वेळी खोलीत वाफ नव्हती.

सार्जंट लुसिवानिया कागदावर सही घ्यायला आली. दुकानाला टाळं, बाटल्या जप्त, चौकशी होणार. झेनाइदेनं मुकाट्यानं सही केली. बाई निघाली, दोन पावलं गेली, परत फिरली. हेल्मेट काढून तिनं आपल्या सरळसोट केसांवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून विचारलं, “मी दुसरीकडं करते. तिथं म्हणतात फॉर्मलिन नसतं. पण डोळे चुरचुरतात. ते... असेल का हो?”

“असेल,” झेनाइदे म्हणाली. “जाऊ नकोस, पोरी.”

सार्जंटबाईनं मान डोलावली. पण शनिवारची वेळ ठरलीय, एवढं पुटपुटून ती गेली.

झेनाइदेला आत सोडलं तेव्हा अंधार पडला होता. तैनाराच्या डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळली होती, नाकातोंडावर मास्क. आईला काय सांगायचं, ते झेनाइदे दारापासून पलंगापर्यंत जुळवत आली होती. पण पोरीला काय सांगायचं, ते तिला सुचलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि तिनं नातीचा हात धरला.

तैनारानं मास्क थोडा उचलला. “आजी, आरसा दे.”

“नको बाळा. केस... केस नाहीत गं. गेले सगळे. माझ्यामुळं गेले.”

पोरीनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं. झेनाइदेला वाटलं, आता ही आपल्याला काय बोलेल ते बोलू दे, दारातून हाकलू दे, आयुष्यभर तोंड बघू नको म्हणू दे. तिनं मान खाली घातली.

“पण आजी,” तैनारा म्हणाली, “जे गेले ते सरळ झाले होते ना?”

झेनाइदेनं तिची चादर गळ्यापर्यंत ओढली.

“हो गं बाळा,” ती म्हणाली. “एकदम सरळ.”

“बरं झालं,” असं म्हणून पोरीनं मास्क परत नाकावर ओढून घेतला.