पिंटोसाहेबांच्या बँडची एकुलती एक रेकॉर्ड

नाजूक माल कसा सांभाळावा, हे कोणीही माझ्याकडून शिकावं. मी बल्लारशा स्टेशनवर पार्सलबाबू आहे. काचेच्या बांगड्या, लोणच्याच्या बरण्या, बाजाच्या पेट्या, एकदा तर एका तहसीलदारांचं झुंबर माझ्या हातून गेलं, पण कशाला साधा ओरखडा उठला नाही. हे मी एकटाच म्हणत नाही. आमचे गार्ड पिंटोसाहेबही चारचौघांत म्हणत असत. मागच्या मे महिन्यापर्यंत म्हणत असत.

पिंटोसाहेब मूळचे गोव्याकडचे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या साली रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा पाच जणांचा बँड होता. दर शनिवारी संध्याकाळी साहेबलोकांचा नाच व्हायचा आणि पिंटोसाहेब ट्रंपेट वाजवायचे. आम्हाला आत मज्जाव. मी आणि मुखरू खिडकीखाली उभे राहून ऐकायचो. मुखरू माझा लहानपणचा दोस्त, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आजही तो सुटीच्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला की दुसरा विषय निघत नाही. राजुऱ्याकडच्या मालगुजाराच्या लग्नात नागपूरचा कुठला बँड आला होता, चांद्याच्या मैदानावर पलटणीचा बँड वाजला तेव्हा कोणाची बैलजोडी उधळून थेट नाल्यात गेली, हे सगळं झालं की मुखरू शेवटी म्हणतो, "काहीबी म्हन, पिंटोसायबाच्या बँडची सर कोनाले नाई. तो आल्फी ड्रम वाजवे त माह्या छातीत वाजे."

अशातच एका दुपारी पिंटोसाहेब माझ्या टेबलाशी चहा पिताना सहज बोलून गेले की त्यांच्या बँडची रेकॉर्ड निघाली होती. कलकत्त्याला जाऊन भरली होती, दोन बाजूंना दोन गाणी. कोणी विकत घेतली नाही. कंपनीनं उरलेल्या रेकॉर्डी फोडून टाकल्या. एक साहेबांच्या ट्रंकेत होती.

माझा कप हातातच राहिला. चौदा वर्षं आम्ही ज्या बँडच्या आठवणी काढत होतो, तो बँड इथून दोनशे पावलांवर ट्रंकेत पडून होता. मी रेकॉर्ड मागितली.

"गुणवंत, ये एकच हाय," साहेब म्हणाले. "आनि संडेला आल्फी येते. नोकरी सोडून मद्रासला बहिणीकडे चालला, फॉर गुड. एक दिवस इथं उतरनार. आम्ही दोघं बसून ऐकनार."

"साहेब, तहसीलदारांचं झुंबर विसरलात का?" मी म्हणालो.

साहेब झुंबर विसरले नव्हते. गुरुवारी त्यांनी रेकॉर्ड आणून दिली. ती त्यांच्या वारलेल्या बायकोच्या रेशमी रुमालात गुंडाळलेली होती. "संडे, चार बजे," ते म्हणाले आणि रुमालावरून एकदा हात फिरवून गेले.

त्या संध्याकाळी मी आणि मुखरूनं माझ्या फोनोवर ती रेकॉर्ड तीनदा ऐकली. मुखरू डोळे पुसत घरी गेला. आता ती सांभाळायची होती. खाली ठेवावी तर उंदीर. कपाटात ठेवावी तर माझी बायको वच्छला दिवसातून दहादा कपाट उघडते. विचार करकरून मी ती माळ्यावर, अगदी पत्र्याला लागून ठेवली. तिथे उंदीर जात नाही, मांजर जात नाही, वच्छला तर नाहीच नाही. उंदीर तिथे का जात नाही, याचा विचार मात्र मी केला नाही.

शुक्रवारी पारा एकशे सोळा फॅरनहाइटवर गेला.

संध्याकाळी मी रुमाल सोडला. रेकॉर्डीचा द्रोण झाला होता. पळसाच्या पानाचा लावतात तसाच, चारी कडा वर आणि मध्ये खोलगट. आत वरण वाढलं असतं तर थेंब सांडला नसता, फक्त मधल्या भोकातून गळलं असतं तेवढंच. मी तो द्रोण खाटेखाली सरकवला, रुमाल खिशात घातला, आणि जेवायला बसलो. घास काही उतरेना.

"काय झालं? भाजी खारट हाये काय?" वच्छलेनं विचारलं.

"नाई, चांगली हाये."

"मंग तोंड असं काऊन करून राह्यले?"

मी तोंड सरळ केलं. रेकॉर्ड कशी सरळ करायची, ते सुचत नव्हतं.

शनिवारी सकाळी अंघोळ करून आलो तर अंगणात तो द्रोण उन्हात ठेवलेला, आणि त्यात चारोळ्या वाळत घातलेल्या.

"हे काय केलंस तू?" मी ओरडलोच.

"खाटेखाली पडलं होतं. चांगलं काळं ताट हाये," वच्छला म्हणाली. "बुडाले भोक हाये, म्हनून खाली पान लावलं. कुठून आनलं तुमी?"

मी चारोळ्या ओतल्या आणि द्रोण पोत्यात घालून ड्युटीवर गेलो. मुखरूही मागोमाग आला. त्याचं म्हणणं, पाटा ठेवून वर दोघांनी बसावं. मी त्याला बसू दिलं नाही. मुखरू अंगानं भरलेला आहे.

तेवढ्यात दसरू आला. दसरू पलीकडच्या जंगलातल्या गोंड पाड्याचा. कुसुमाच्या झाडावरची लाख काढून दर उन्हाळ्यात पार्सल करायला माझ्याकडे आणतो. माझा चेहरा बघून त्यानं लाखेचं गाठोडं खाली ठेवलं.

"बाबू, घरी कोनी गेलं काय?"

मी पोतं उघडून दाखवलं. दसरूनं द्रोण उचलला, नखानं कड खरवडली, वास घेतला, आणि हसला.

"हे त आमची लाखच हाये. काई माती मिसळली हाये, पन लाखच. कोनं इतकी गोल केली?"

बाहेरच्या देशातली काहीतरी अद्भुत वस्तू म्हणून मी जी छातीशी धरत होतो, ती दसरूच्या झाडावरची निघाली. मी त्याला विचारलं, सरळ होईल का.

"गरमीनं वाकली त गरमीनंच सरळ होईन. घाई केली त फुटंन. नदीवर सपाट गोटे हायेत, तिथं नेतो. उद्या दुपारी देतो."

रेकॉर्ड काखेत मारून दसरू वर्धा नदीकडे निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभा होतो.

दुपारी जेवायला घरी आलो, तर पिंटोसाहेब ओट्यावर बसलेले. "गुणवंत, रेकॉर्ड बरोबर हाय ना?"

"सुखरूप आहे साहेब."

आतून वच्छला चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "ते काळं ताट कुठी गेलं?"

"दसरूकडे दिलं," मी घाईनं म्हणालो. "सरळ कराले."

"कोनता ताट?" साहेबांनी विचारलं.

"जेवणाचं, साहेब. चेपलं होतं जरा."

"अच्छा. माझा पन एक पातेला चेपला हाय," साहेब म्हणाले. दहा मिनिटांत त्यांनी पातेलं आणून दिलं. मग मी आणि मुखरू संध्याकाळभर रेल्वेच्या रुळावर पातेलं ठेवून ठोकत बसलो. ते पहिल्यापेक्षा जास्त चेपलं.

रविवारी बाराला दसरू आला. रेकॉर्ड सपाट दिसत होती. मी त्याचे हात धरले.

"भोक थोडं सरकलं, बाबू," तो म्हणाला. "आनि ह्या बाजूले थोडी लाट राह्यली. दगडाची लाट हाये ते."

आम्ही फोनोवर लावून पाहिली. ट्रंपेट मध्येच जवळ यायचा, मध्येच लांब जायचा, पुन्हा झुलत परत यायचा. मुखरूनं डोक्याला हात लावला.

"गुणवंता, अख्खा बँड नदीत डोंग्यात बसून वाजवून राह्यला," तो म्हणाला.

चार वाजता मी साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. रस्ताभर मनात वाक्य जुळवत होतो. साहेब, तुमची रेकॉर्ड. साहेब, तुमच्या रेकॉर्डीला थोडं. प्रत्येक वाक्य 'थोडं' या शब्दाशी येऊन अडत होतं. आत आल्फीसाहेब आरामखुर्चीत होते. ज्यांचा ड्रम आमच्या छातीत वाजायचा, ते हेच. पांढरे केस, मनगटं माझ्या हातातल्या रुमालासारखी हलकी, आणि हात कापत होते. पिंटोसाहेबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी रुमाल सोडला, रेकॉर्डीकडे न बघताच ती लावली, आणि सुई टेकवली.

ट्रंपेट आला. जवळ आला, लांब गेला, पुन्हा झुलत जवळ आला. साहेबांचा हात हवेतच राहिला.

"साहेब," मी म्हणालो. "मी माळ्यावर ठेवली होती. पत्र्याखाली. वितळली. मग सरळ करून आणली. चूक माझी आहे. वच्छलेची नाही, दसरूची नाही, माझी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी कधी कोणाकडे पाहिलेलं मी बघितलं नव्हतं. ते सुई उचलायला वाकले.

"हात मत लगा," आल्फीसाहेब म्हणाले.

ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली होती आणि कापत नव्हती. बाजू संपली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा संपली तेव्हा ते आपल्या रेल्वेच्या हिंदीत हळूहळू बोलले. कलकत्त्याला कंपनीच्या माणसानं जमिनीवर खडूची खूण केली होती आणि पिंटोला त्या खुणेवर खांबासारखं उभं केलं होतं. इन्स्टिट्यूटमध्ये पिंटो कधी एका जागी उभा राहिला होता का? तो तर नाचणाऱ्या जोड्यांमधून वाजवत हिंडायचा. त्या कोपऱ्यात जायचा, परत यायचा.

"मेरी के पास जाके रुकता था," आल्फीसाहेब म्हणाले. "सुन, अभी उधर ही गया तू."

मेरी म्हणजे साहेबांची बायको. साहेब खाली बसले. रुमाल त्यांनी गुडघ्यावर पसरला आणि त्याच्या घड्या घालत राहिले. तिसऱ्यांदा रेकॉर्ड मीच लावली, कारण दोघांपैकी कोणी उठेना. मग मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

सोमवारी सकाळी आल्फीसाहेब मद्रासच्या गाडीनं गेले. गाडी सुटल्यावर पिंटोसाहेब पार्सल ऑफिसात आले. मी उभा राहिलो. शिव्या ऐकायची तयारी होती. साहेबांनी एक खोकं टेबलावर ठेवलं. आत नऊ रेकॉर्डी होत्या, मुंबईच्या, कलकत्त्याच्या, दुसऱ्या दुसऱ्या बँडच्या.

"हे पन सगळे खांबासारखे उभे हाय," साहेब म्हणाले. "तुझ्या लाखवाल्याला दे. तसाच करून आन."

दसरू अजून गावातच होता. मी खोकं घेऊन त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं नऊच्या नऊ रेकॉर्डी एकेक करून उन्हात धरून पाहिल्या.

"बाबू," तो म्हणाला, "मी त ते सरळच कराले गेलतो. वाकडं कसं राह्यलं, ते मले काय मालूम?"

साहेबांना मी सांगितलंय की दसरू आता पावसाळा संपल्यावरच येईल. खोकं माठाशेजारी ओल्या पोत्याखाली आहे, साहेब रोज चौकशी करतात, आणि मी वर्धा स्टेशनला बदलीचा अर्ज टाकला आहे.