सीलबंद आमरस

अख्ख्या पोंभुर्ण्यात दारूचा कायदा कोणाला तोंडपाठ असेल, तर तो गुणवंतराव कोहपऱ्यांना! हे कोणी विचारलं नाही तरी ते स्वतःच सांगत.

गुणवंतराव पासष्टी उलटल्यावर अक्षरं शिकले. शेजारच्या मास्तरीणबाईंनी शिकवलं. बाईंना वाटलं, आता हा माणूस पोथी वाचेल. गुणवंतरावांनी वाचून काढल्या त्या आपल्या बीअर-वाइनच्या लायसन्सच्या अटी! बोट ठेवून, ओठ हलवत, चौदा दिवसांत. एकेक अट पाठ झाली की दुकानाच्या भिंतीवर एकेक पाटी चढे. एकवीस वर्षांखालच्यांना मिळणार नाही. इथे बसून प्यायचं नाही. परमिटशिवाय मागायचं नाही. शेवटी पाट्या इतक्या झाल्या की बाटल्या शोधाव्या लागत.

एकदा त्यांचा बालमित्र लच्छू आला. वय सत्तर, तोंडात दोन दात.

"वयाचा दाखला दाखव," गुणवंतराव म्हणाले.

"अबे, तू मले गोट्या खेळताना पाह्यलं ना रे?"

"पाह्यलं. पण कागद कुठी आहे?"

लच्छू रागानं निघून गेला आणि आधार कार्ड घेऊन परत आला. जाणार कुठे? गावात दुकान एकच!

यामागे कारण होतं. जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा सहा वर्षं याच दुकानात गुणवंतरावांनी झाडू विकले, पत्रावळ्या विकल्या, आणि दुपारी माश्या मोजल्या. बंदी उठली, लायसन्स परत जिवंत झालं. तेव्हापासून ते लायसन्सला पहिलटकरणीसारखं जपत. रोज सकाळी त्या काचेच्या फ्रेमला उदबत्ती ओवाळत. देवांना नंतर.

तर गोष्ट निवडणुकीच्या आठवड्याची. एप्रिलचा महिना. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे काय सांगावं! कावळासुद्धा सावली बघून उडतो. शुक्रवारी मतदान, म्हणून बुधवारी संध्याकाळी सहापासून ड्राय डे. गुणवंतराव पाच वाजताच शटर अर्धं खाली ओढून, धुतलेला सदरा घालून, उत्पादन शुल्कच्या साहेबांची वाट बघत उभे!

साहेब म्हणजे रीता मॅडम. दुय्यम निरीक्षक, वय तिशीच्या आत, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. सोबत जवान कुलदीप, हातात लाखेची कांडी.

"या वेळी नुसतं बंद नाही करायचं," मॅडम म्हणाल्या. "सील लावायचं आहे."

"लावा ना मॅडम! दोन लावा!"

मॅडमनी बाटल्या मोजल्या, रजिस्टर पाहिलं. सगळं जागच्या जागी. मागच्या खोलीत एक जुना डीप फ्रीझर होता, आडवा, म्हशीएवढा.

"यात काय?"

"रिकामा आहे मॅडम. मे लागल्याबिगर मी त्याले हातच लावत नाई."

मॅडम झाकण उघडायला वाकल्या आणि थांबल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. असे दहा परवानाधारक जिल्ह्यात असते ना, तर मी दुपारी झोपले असते!"

गुणवंतराव हे ऐकून वीतभर फुगले. आत परवान्यातल्या मालाशिवाय दुसरं काहीही नाही, असा कागद पुढे आला. त्यांनी वळणदार सही केली, खाली दोन रेघा मारल्या. शटर पडलं, कुलूप लागलं, लाख वितळली, शिक्का उमटला. गुणवंतराव शीळ घालत घरी गेले.

घरी लगीनघाई होती. बायकोची, रंभाबाईची भाची मोनाली, हिचं दुसऱ्या दिवशी लग्न. नवरदेव चामोर्शीचा. रंभाबाई ओट्यावर वेलची कुटत बसली होती.

"काहो, रस थंड होऊन राह्यला का?" तिनं विचारलं.

"कोणता रस?"

"कोणता म्हणजे? आंब्याचा! दिनेशनं तेलंगणातून आंबे आणले, आमी बाया दिवसभर पिळत होतो. चार कॅन भरले. गावात एवढा मोठा फ्रीज कोणाकडं आहे? तुमी दुपारी घोरत होते, खिळ्यावरची चाबी घेतली, आन् ठेवले तुमच्या त्या मोठ्या पेटीत. चालूबी केली."

गुणवंतराव खाटेवर बसले. खाट तिथे नव्हती. ते जमिनीवर बसले.

"रंभे... मी आत्ताच सही करून आलो. आत काईच नाई म्हणून!"

"मंग पुसून टाका. पेनाची तर असन."

"सरकारी कागद आहे तो! लायसन्सच्या जागेत बीअर-वाइनबिगर दुसरी वस्तू ठेवली तं लायसन्स जाते! आन् वरून खोटी सही!"

"आन् वरातीले वाढू का? रस-पोळीचं जेवण सांगितलं आहे मोनालीच्या सासरी. पोळी पाण्यात बुडवून खातीन का?"

तेवढ्यात दिनेश, म्हणजे मोनालीचा बाप, धावत आला. त्याला कोणीतरी सीलची बातमी दिली होती. तो गुणवंतरावांना हाताला धरून थेट दुकानापुढे घेऊन गेला. दोघं शटरपुढे उभे राहिले. लाखेचा लालभडक गोळा त्यांच्याकडे डोळा वटारून बघत होता.

"भाऊजी, पाच मिनिटं! गुपचूप काढू, पुन्हा लाख लावू. लाख का, जंगलात पळसाच्या झाडावर भेटते!"

"आन् शिक्का? तोबी झाडाले लागते का?"

"भाऊजी, हात जोडतो! उद्या वरात येऊन राह्यली. चारच कॅन काढून द्या! इज्जतीचा सवाल आहे!"

हे शेवटचं वाक्य दिनेश इतक्या जोरात बोलला की समोरच्या पानठेल्यावरचा डोमा टुणकन उभा राहिला. डोमा हे दुकानाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. ड्राय डे म्हटलं की त्याला सुतक पडल्यासारखं होई. त्यानं 'वरात' ऐकलं, 'कॅन' ऐकलं, आणि त्याच्या तोंडावर दिवाळी पसरली. पुढच्या अर्ध्या तासात गावभर झालं, की गुणवंतराव उद्या सकाळी भाचीच्या वरातीसाठी सील तोडणार आहेत!

आठ वाजता लाईन गेली, गावभर अंधार.

आता गुणवंतरावांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. ते रंभाबाईला म्हणाले, "मोहाची फुलं भिजत ठेवली का होते?"

"आंबतेत."

"आंबून का होते?"

"दारू."

"आन् आंब्याचा रस एवढ्या गरमीत बंद पेटीत राह्यला तं?"

रंभाबाईचा हात खलबत्त्यावरच थांबला. गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे उद्या सील उघडलं तं आत निघन बिनपरवान्याची दारू! ऐंशी लिटर! माझ्या दुकानात माझ्याच सहीनं भट्टी लागली, रंभे!"

सकाळी उठून त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, की आत चार कॅन आमरस आहे, मला ठाऊक नव्हतं, काल माझ्याकडून खोटी सही झाली, शिक्षा करा पण रस सोडा. मग लायसन्सची फ्रेम दुकानात अडकली होती म्हणून, त्या दिशेला तोंड करून नमस्कार केला आणि तहसीलला गेले. रीता मॅडम तिथे निवडणुकीच्या ड्यूटीवर होत्या.

मॅडमनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. "काल तुम्ही म्हणालात, फ्रीझर रिकामा आहे."

"म्हटलं मॅडम. आन् माणसानं स्वतःच्या बायकोले विचारल्याबिगर कोणतीच पेटी रिकामी म्हणू नये, हे मले आज समजलं."

मॅडमच्या तोंडावर हसू आलं की काय, कळलं नाही, कारण त्यांनी फोन तोंडापुढे धरला होता. वरच्या साहेबांची परवानगी हवी होती. रेंज धड नव्हती.

"सर, सील काढावं लागेल... नाही सर, बीअर नाही, आंबा! आंबा सर! ... रस! ... नाही सर, कोणी प्यायलेलं नाही, मीही नाही!"

परवानगी मिळाली. जीप दुकानापुढे आली, तर तिथे जत्रा! एका बाजूला डोमा आणि त्याचे तीसेक सोबती, प्रत्येकाच्या हातात पिशवी. दुसऱ्या बाजूला महिला मंडळाच्या धुरपताबाई आणि त्यांच्या अठरा बाया, प्रत्येकीच्या हातात लाटणं. धुरपताबाई शटरला पाठ लावून उभ्या.

"ड्राय डेच्या दिवशी सील तोडता का? माझ्या आंगावरून जा!"

"बाई, आत आमरस आहे हो!" गुणवंतराव कळवळून म्हणाले.

"हाव! आन् माझ्या घरच्या माठात वाइन आहे!"

डोमाची माणसं मात्र टाळ्या वाजवत होती. "गुणवंतभाऊ जिंदाबाद!" सरकारी अधिकाऱ्यासमोर आपल्या नावाचा जयजयकार ऐकून गुणवंतरावांना घाम फुटला. आयुष्यभर कायदा पाळला त्याचं हे फळ!

मॅडमनी एक हात वर केला. "पंचनामा होणार. दोन पंच लागतील. तुम्ही, बाई. आणि तुम्ही," त्यांनी डोमाकडे बोट केलं. "दारू असेल तर एक जण ओरडेल, नसेल तर दुसरा रडेल. मला कळेल."

सील तुटलं. शटर वर गेलं. मागच्या खोलीत पाचही जण फ्रीझरभोवती असे उभे राहिले, की आत जणू गावचा पाटील कायमचा निजला आहे. कुलदीपनं झाकण उचललं. थंडगार वाफ आली, आणि मागोमाग आंब्याचा असा घमघमाट, की पाचही नाकं एकदम खाली वाकली. रात्रभर लाईन नव्हती तेच बरं झालं होतं. नाहीतर ऐंशी लिटरचा दगड निघाला असता!

पण वास म्हणजे पुरावा नव्हे. कुलदीपनं दारूची ताकद मोजायची काचेची नळी काढली आणि रसात सोडली. नळी बुडेना, तरंगेना. दाट रसात खांबासारखी उभी राहिली.

"मॅडम, हे हालूनच नाई राह्यलं."

"मग चव बघावी लागेल. मी ड्यूटीवर आहे. पंच बघतील."

डोमा पुढे सरसावला. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे, मॅडम." त्यानं वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, रस जिभेवर घोळवला. गुणवंतरावांचं लायसन्स त्या वेळी डोमाच्या जिभेवर होतं! डोमानं गिळलं, थांबला, आणि त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"काईच नाई यात," तो रडवेला होऊन म्हणाला. "नुसता आंबा आहे."

गुणवंतरावांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

"या बेवड्याचा भरवसा नाई," म्हणत धुरपताबाईंनी एक वाटी घेतली. मग खात्रीसाठी दुसरी. मग म्हणाल्या, "माझ्या बायाईलेबी कळू द्या, नाईतर मलेच म्हणतीन, अध्यक्षीण फितूर झाली." अठरा बायांनी खात्री केली. मग डोमाचे सोबती ओरडू लागले, की बायांनी तपासलं तर आम्ही काय पाप केलं? दिनेश दारात उभा राहून एकेक वाटी जाताना बघत होता, आणि त्याचा चेहरा मुलगी सासरी निघाल्यासारखा झाला होता. कायद्याची खात्री पटेपर्यंत एक कॅन खलास!

मॅडमनी पंचनामा लिहिला. स्वतःहून लेखी कळवलं म्हणून गुन्हा नाही, लेखी समज तेवढी. पुन्हा सील लागलं. या वेळी गुणवंतरावांनी सही करण्याआधी फ्रीझरचं झाकण चार वेळा उघडून बघितलं. मग रंभाबाईला विचारून सही केली.

तीन कॅन मांडवात पोचले. रंभाबाईनं दोन लोटे दूध ओतून चौथ्याची भर काढली. वरात आली, लग्न लागलं, पंगत बसली. गुणवंतरावांचा श्वास आता कुठे खाली उतरत होता.

पण गावात डोमाच्या सोबत्यांची तीस तोंडं होती ना! वरात चामोर्शीची, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याची. तिकडे दारूबंदी अजून कायम. पोंभुर्ण्यात ड्राय डे लागला म्हणून आधीच हिरमुसलेली पाहुणे मंडळी. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं, की हा रस सील तोडून बीअर शॉपमधून आणला आहे!

मग काय! पोळीला कोणी हात लावेना. वाट्यांवर वाट्या! नवरदेवाचा मामा बिरजू सहाव्या वाटीनंतर उठला आणि मांडवात डुलत डुलत नाचू लागला. त्याच्यामागे आणखी दहा-बारा जण. नाचता नाचता बिरजू गुणवंतरावांच्या गळ्यात पडला.

"व्याही! एक नंबर! आंगात मुंग्या येऊन राह्यल्या!"

"अहो, तो नुसता आंबा आहे! माझ्या लेकराईची आन!"

"समजलं, समजलं!" बिरजूनं डोळा मारला. "तुमी कायद्याचे माणूस. तुमी तसंच म्हणान!"

आणि नेमक्या त्याच वेळी मांडवाच्या दारात रीता मॅडम! रंभाबाईनंच त्यांना जेवायला बोलावलं होतं. मॅडमनी डुलणारी वरात पाहिली. बिरजूला पाहिलं. गुणवंतरावांना पाहिलं. वाजंत्री आपोआप थांबली. गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे पुन्हा झाडू आणि पत्रावळ्या उभ्या राहिल्या.

मॅडम सरळ आत आल्या. रंभाबाईनं झाकून ठेवलेली एक वाटी तिच्या हातातून त्यांनी उचलली आणि उभ्या उभ्या एका दमात प्यायल्या. अख्खा मांडव बघत राहिला.

"वेलची जास्त झाली," मॅडम म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली. "पण वाढा अजून."

"नाई जी," रंभाबाई ओशाळून म्हणाली. "तळ लागला. ही एक वाटी यांच्यासाठी काढून ठेवली होती, तेवढीच होती."

म्हणजे ज्या रसासाठी जीव टांगणीला लागला, त्याचा एक थेंबही गुणवंतरावांच्या तोंडात गेला नाही. ते पंगतीच्या टोकाला बसले. रंभाबाईनं पानात दोन गार पोळ्या टाकल्या, वर आलू-वांग्याची भाजी.

"वाईट वाटून राह्यलं का?" तिनं हळूच विचारलं.

गुणवंतरावांनी तोंड भरलेलं असल्यानं नुसती नाही म्हणून मान हलवली आणि बोटानं खूण केली, की भाजी वाढ अजून. इतकी गोड वांगी त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती!