मधोमध दबलेली ऐरण

ऐरण विकायला मुलाची हरकत नव्हती; ती भंगारात जाता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. घरापुढच्या शेडमध्ये त्याला गाडी ठेवायची होती, आणि शेडच्या बरोबर मध्ये त्याच्या लोहार वडिलांची ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर बसली होती. वडील गेल्यापासून तिच्यावर धुळीशिवाय कुणी हात फिरवला नव्हता.

सकाळी भंगारवाला येऊन गेला. त्याने खिडकीची मोडकी जाळी आणि ऐरण एकाच नजरेने पाहिली आणि दोन्हींचा मिळून भाव सांगितला. मुलाला ते फार लागलं. त्याने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो संध्याकाळी येतो म्हणाला. तोवर आपल्याकडे नक्की काय आहे हे आपल्याला ठाऊक असायला हवं, असं सुनेचं मत पडलं. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची नाही. सासूबाई उंबऱ्यात बसून जुनी अवजारं पुसत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

चांगल्या ऐरणीवर पोलादी गोळी टाकली तर ती जवळजवळ हातात परत येते, असं सुनेने सांगितलं. सायकलवाल्याकडून गोळी आणली, उसळी मोजायला पट्टी उभी धरली. पहिल्यांदा गोळी सरळ वर आली. दुसऱ्यांदा ती ऐरणीच्या मधोमध पडली. वर्षानुवर्षांच्या घावांनी तिथला भाग जरासा दबला होता. गोळी तिरकी उडाली आणि शेजारच्या शिंप्याच्या चहात जाऊन पडली.

शिंपीकाका कप आणि गोळी दोन्ही घेऊन भांडायला आले. पण ऐरणीची पारख चालली आहे म्हटल्यावर त्यांनी भांडण पुढे ढकललं आणि सल्ला द्यायला बसले. गोळीबिळी सोडा, ऐरण आवाजावरून ओळखतात, खरी असेल तर घंटेसारखी वाजते, असं त्यांनी सांगितलं. मुलाने हातोडा उचलून मारला. गादीवर उशी आपटावी तसा आवाज आला.

"आतून तडकलीय," डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात शिंपीकाका म्हणाले.

मुलाचा चेहरा उतरला. सासूबाई फडकं बाजूला ठेवून उठल्या.

"अरे, तिच्या कमरेची साखळी काढ की आधी."

खरंच, खालच्या बाजूला धुळीत मिसळून गेलेली एक जाड साखळी घट्ट आवळलेली होती. साखळीने कंप दबतात, हे सुनेच्या लगेच लक्षात आलं. पण ती बांधली कुणी, आणि कशाला?

"हा लहान असताना ठोका पडला की रडत उठायचा. म्हणून ह्यांनी बांधली. मग काढायचं राहूनच गेलं."

मुलगा साखळीपाशी खाली बसला. बाबांच्या कामाचा आवाज असाच, असं तो आजवर समजत आला होता. त्याने साखळी सोडली आणि पुन्हा हातोडा मारला.

या वेळी आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सगळ्यांत आधी गल्लीतले घड्याळजी धावत आले आणि दुकान पुन्हा सुरू झालं का, असं विचारू लागले. मागच्या घरातले आजोबा फाटकाची वाकलेली बिजागरी घेऊन आले. एक मावशी कुदळ घेऊन आली. तिच्या घराचं जुनं दार गेलं, पण त्यावरची याच ऐरणीवर घडलेली कडी अजून शाबूत होती, हे तिने सगळ्यांना ऐकवलं.

या गर्दीतून वाट काढत व्यापारी आला. त्याने ऐरण वाजवली, हात फिरवला आणि मुलाच्या अपेक्षेहून चांगला भाव सांगितला. मुलगा सुखावला. सहज म्हणून, ती कुठे जाणार, असं त्याने विचारलं.

"हॉटेलच्या दारात. सोनेरी रंग मारू, वर फुलझाडाची कुंडी. मध्ये खोलगट आहे ते बरंच झालं, कुंडी हलणार नाही."

दिवसभर ऐरण खरी ठरवण्यासाठी धडपडलेल्या मुलाने घसा खाकरला आणि ती तशी खोटी असल्याचं सांगितलं. आतून तडाही आहे, हवं तर काकांना विचारा. शिंपीकाकांनी गंभीरपणे मान हलवली.

"असू दे," व्यापारी म्हणाला. "कुंडीला काय कळतंय?"

"आई, तू तरी सांग. बाबांची ऐरण आहे," मुलगा म्हणाला.

"बाबांची कुठली? माझ्या वडिलांची आहे ती. तुझे बाबा आमच्याकडे काम शिकायला आले, आणि जाताना हिला आणि मला, दोघींना घेऊन गेले."

मग ऐरण विकायची नाही, लोक खोळंबलेत, जरा बाजूला उभे राहा, असं त्यांनी व्यापाऱ्याला नम्रपणे सांगितलं. आजोबांकडून बिजागरी घेतली, सांडशीत पकडली आणि सांडशी मुलाच्या हातात दिली. पदर खोचून त्यांनी हातोडा उचलला. मुलाने डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनीही पहिल्या दिवशी मिटले होते. माझे वडील म्हणाले, हा काही इथे टिकत नाही."