अहिरेकाकांनी नापास केलेला माल

अहिरेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असतो आणि तो ताप बघण्यासाठी नसतो. त्याला वीतभर लांब, अणकुचीदार सुई आहे आणि वर आकडा दाखवणारी छोटीशी खिडकी. आमच्या कोपरीतल्या एका लग्नात त्यांनी ती सुई भर पंगतीत श्रीखंडात खुपसली. मुलीचे मामा आग्रह करायला आले होते. काका आकडा बघून म्हणाले, "चौदा!" मामांना वाटलं, पाहुण्यांच्या चौदा वाट्या झाल्या. हात जोडून ते म्हणाले, "मग पंधरावी माझ्याकडून."

काका आणि मी एकाच इमारतीत राहतो. ते पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. नोकरीही एकाच कंपनीत. फळं, भाज्या आणि गोठवलेले खाद्यपदार्थ थंड कंटेनरमध्ये भरून जहाजानं परदेशी पाठवायचं आमचं काम. मी कागदपत्रं बघतो, काका माल बघतात. कंटेनर भरताना दारात उभं राहायचं, प्रत्येक खेपेतला एखादा खोका उघडून सुई खुपसायची आणि पास की नापास ते सांगायचं. रिटायर होऊनही ते येतातच. कंपनीनं त्यांना सोडलं नाही की त्यांनी कंपनीला, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.

नव्या कारखानदारांना वाटतं, कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज. कोमट माल कोंबला तरी वाटेत होईल गार. हे ऐकलं की काकांचं डोकं फिरतं. "अरे, तो गार करत नाही, गारवा सांभाळतो! वॉचमन आहे तो, बर्फवाला नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन. घरीही तेच. माझी बायको मेघा फ्रीज उघडून आज काय करावं याचा विचार करत उभी असली आणि नेमके काका आले, तर संपलंच. "मेघा, आधी ठरव, मग उघड." कुणी लिफ्टमध्ये आंब्याची पेटी घट्ट बांधून नेत असेल, तर हे तिची दोरी सैल करतात. "आंबा झोपलाय, मेलेला नाही. त्याला श्वास घेऊ द्या." लोक आधी चिडतात, मग बिचारे पेटी उघडी धरून घरी जातात.

आमचं जुनं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये होतं. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. तेव्हा कंटेनरच्या यंत्रात एक गोल कागद बसवलेला असायचा आणि त्यावर सुई तापमानाची रेघ ओढत राहायची. काका त्या रेघेकडे असे बघायचे की आपल्यालाही तिच्यात काहीतरी दिसायला लागायचं. जुने झालेले कागद ते घरी न्यायचे आणि त्यांची सुजाता मागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत खडूंनी भाकऱ्या, चंद्र, चाकं असं काय काय काढायची. आता ऑफिस घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत गेलंय, भर समुद्रातल्या कंटेनरचं तापमान मोबाईलवर दिसतं आणि सुजाता लग्न होऊन रॉटरडॅमला गेलीय.

तिला दिवस गेले. पोटात काही ठरेना. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आईच्या हातची अळूवडी असती तर खाल्ली असती." काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे जाणं शक्य नव्हतं. काकूंनी खुर्चीवर बसून अळूच्या पानांवर पीठ थापलं, उंडे वाफवले, फ्रीजरमध्ये गोठवले आणि पिशवी काकांच्या समोर ठेवली.

"जन्मभर लोकांच्या पोरींना खायला पाठवलंत. आता आपल्या पोरीला पाठवा."

काकांनी कधी कागदांवर नसलेला खोका कंटेनरमध्ये जाऊ दिला नव्हता. पण त्याच आठवड्यात डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून गोठवलेले सामोसे, पराठे आणि अळूवड्या घेऊन एक कंटेनर रॉटरडॅमलाच निघणार होता. काकांनी पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात घातली, भोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या आणि ते माझ्याबरोबर गाडीत बसले. शिळफाट्याला ट्रॅफिक असा तुंबला की ड्रायव्हर उतरून चहा पिऊन आला. काका खोक्याला मांडीवर धरून बसले होते.

कारखान्याचे शेठ मोकळ्या मनाचे. "अहिरेसाहेब, एक पिशवी काय, दहा ठेवा. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

कंटेनर भरत आला. शेवटची रांग लागली. काकांनी खोका उघडला, पिशवी बाहेर काढली आणि हमालानं हात पुढे केला. तेवढ्यात, कशी कुणास ठाऊक, काकांनी खिशातली सुई काढली आणि बायकोच्या अळूवडीत खुपसली. सवयच ती.

"मायनस सात," ते म्हणाले. गोठवलेल्या मालाला मायनस अठरा लागतं. मग थांबून, "नापास."

"अहो साहेब!" शेठ हसायलाच लागले. "एवढ्या मालात एक पिशवी! कोणाला कळणार?"

"मालाला कळेल," काका म्हणाले. "आणि कागदावरही नाही ती. दार लावा."

दार लागलं, सील बसलं. परतताना पिशवी हळूहळू मऊ पडत होती आणि वितळलेलं परत गोठवायचं नाही, हा काकांचाच नियम. घरी न्यावी तर काकूंना काय सांगायचं? शेवटी ती माझ्या घरी आली. मेघानं वड्या कापून तळल्या. काकांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी हातात धरून बसून राहिले. "गूळ जरा जास्त घालते. सुजाताला तशीच लागते," म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मलाही भरून आलं. मेघा कढईत काही नसताना उगाच झारा फिरवत राहिली.

मग त्यांनी सुजाताला फोन लावला. या कंटेनरमधली अळूवडी तिच्या घराजवळच्या दुकानात येणार होती. ती आणायची, खायची आणि आईला सांगायचं की वड्या पोचल्या.

त्यानंतर मी कधीही त्यांच्याकडे गेलो की काकू विचारत, "कुठवर आलं हो जहाज?" काका टेबलावर मधोमध ताटली ठेवत. ही आफ्रिका. हल्ली जहाजं तिला वळसा घालून जातात. चमचा म्हणजे जहाज. तो ते रोज थोडा थोडा सरकवत.

"एवढा वळसा? दमलं असेल हो."

"जहाज कशाला दमतंय? मायनस अठरा आहे आत. बघ," असं म्हणून ते मोबाईल दाखवत. एवढ्या मोठ्या थापेतही तापमान मात्र अगदी खरं होतं.

अखेर एका रविवारी मी त्यांच्याकडे असतानाच सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पोचल्या गं वड्या! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले." तिच्या हातात ताटली होती. काकू म्हणाल्या, "खा हो, आणखी घे." काकांनी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघर गाठलं आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

मी निघालो तशा काकू काठी टेकत दारापर्यंत आल्या.

"त्या दिवशी तुझ्या घरातून तळणीचा वास आलेला खाली," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या अळूवडीचा वास मला नाही कळायचा? आणि हे आले ते जेवलेच नाहीत."

मी चपापलो. "काकू, मग तुम्ही रोज विचारत होता, जहाज कुठवर आलं म्हणून..."

"अरे, पोरगी गेल्यापासून संध्याकाळी आम्ही दोघं नुसती टीव्हीसमोर बसायचो. हे इथं, मी तिथं. बोलायचं काय, तेच सुचायचं नाही. जहाज निघालं आणि हे बोलायला लागले बघ." त्यांनी आत एकवार पाहिलं. काका टेबलावरची ताटली-चमचा उचलून ठेवत होते.

"त्यांना काही सांगू नकोस हां," काकू म्हणाल्या. "आणि पुढचं जहाज कधी आहे रे?"