टोमॅटोला तीन वेळा गोळी

कंपाउंडरच्या बायकोने गच्चीत टोमॅटोची सहा झाडं लावली, रोज सकाळी प्रत्येकाला दोन तांबे पाणी घातलं आणि झाडं मुकाट्याने फळली. गोष्ट इथेच संपायची. पण एका टोमॅटोचं बूड काळं पडलं आणि ते नेमकं कंपाउंडरच्या नजरेला आलं.

बायको म्हणाली, एकच आहे, तोडून टाका. हा कसला टाकतोय. पंचवीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधलेला माणूस. दुखणं दिसलं की हात शिवशिवतात. (बायकोचे गुडघे दुखतात, ते त्याला कधी दिसले नाहीत.) त्यातून थोरल्या बहिणीला त्याने फोनवर शब्द दिलेला, की महिन्याने येशील तेव्हा घरचे दोन किलो टोमॅटो नेशील. ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता आणि याच्या हातून काही धड व्हायचं नाही, हे तिचं मत तेव्हापासून जागचं हललं नव्हतं. यंदा ते हलवायचंच, असं त्याने ठरवलं.

निदान तिथल्या तिथे झालं. कॅल्शियम कमी. औषधं घरातलीच. आधी अंड्याची टरफलं मिक्सरमध्ये फिरवली. मिक्सर घासून घासून बायकोचे हात गेले, वास गेला नाही. मग खडूची पूड. मग दूध. दुधाला मुंग्या लागल्या आणि त्या भिंतीवरून उतरून खालच्या शेजारणीच्या साखरेच्या डब्यात गेल्या. ती तणतणत वर आली, तिलाही याने कॅल्शियमचं महत्त्व सांगितलं. शेवटी बायकोच्या गुडघ्यांच्या गोळ्या खलात कुटल्या आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रत्येक कुंडीला एकेक सुरू केली. मग मी काय खाऊ, असं बायकोने विचारलं.

"तुझ्या गुडघ्यांना काही महिन्यात पिकायचं नाहीये," कंपाउंडर म्हणाला.

तिने तांब्या उचलला की हा आडवा. औषधावर पाणी नको, धुऊन जाईल. तीन-तीन दिवस झाडं कोरडी. त्यांनी माना टाकल्या की हा घाबरून चार बादल्या ओतणार, की पुन्हा डोस, पुन्हा कोरडं. एका काळ्याचे चार झाले, चाराचे चाळीस. तसतसा डोस वाढत गेला.

रविवारी ताई आली ती चप्पल न काढता थेट गच्चीत. कुंडीत बोट खुपसलं. कोरडं ठाक बाहेर आलं. कंपाउंडरने सगळे उपचार क्रमाने सांगितले.

"आणि पाणी?"

"औषधावर कसं देणार, ताई?"

ताईने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने कोपऱ्यातला कोरडा तांब्या दाखवला.

"अरे, झाडाला काय दात आहेत चावून खायला? ते पितं. रोज बेताबेताने प्यायला मिळालं तर मातीतलं त्याचं तेच ओढून घेतं. तू भरल्या ताटापुढे बसवून त्याचं तोंड शिवलंस."

 कंपाउंडर पुटपुटला, की पुढच्या वेळी दोन किलो नक्की.

ताईने खांद्यावरची जड पिशवी भावजयीच्या हातात दिली. आत लालबुंद टोमॅटो, एकाच्याही बुडाला डाग नाही.

"तू फोन ठेवलास आणि मी लगेच घरात सांगितलं," ती म्हणाली, "यंदा आपले टोमॅटो कोणाला वाटू नका. भावाकडे न्यावे लागतील."