पलंगाखालचे पाय

फोटो सासूबाईंच्या हाती लागला, तिथेच सगळं बिनसलं. दुसऱ्या कुणाला सापडला असता तर त्याने तो होता तिथे ठेवून दिला असता. पण सासूबाईंनी जन्मभर रहस्यकथा वाचल्या होत्या, आणि एवढं वाचूनही आपल्या वाट्याला एक प्रेत येऊ नये, ही त्यांच्या मनातली सल होती.

घर पसंत पडलं होतं. दोन दिवसांनी सह्या व्हायच्या होत्या. घरमालकीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. "मापं काय ती सावकाश घ्या हो," म्हणत किल्ली देऊन त्या मोकळ्या झाल्या होत्या. सून खिडकीचं माप घेत होती, मुलगा नळ उघडून-मिटून बघत होता, आणि सासूबाई भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी अंथरलेला कागद उचलून पाहत होत्या. का, ते विचारायचं नाही.

सुनेला तिची गिऱ्हाइकं ताई म्हणत, तर आपणही ताईच म्हणू. ताई कपडे शिवायची. भाड्याच्या घरात तिचं मशीन दोन खोल्यांमधल्या बोळकांडीत होतं. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे, आणि काळ्या कापडावर काळा टाका घालताना डोळ्यांतून धारा लागत. हे घर बघायला आली तेव्हा मोठ्या खिडकीतला उजेड खोलीभर सांडला होता. तिने पर्समधून सुई काढली आणि दोरा ओवून पाहिला. एका झटक्यात गेला. तिच्यापुरतं घर त्याच क्षणी घेऊन झालं होतं. बाकीच्यांच्या सह्या तेवढ्या उरल्या होत्या.

आणि आता घरी जेवणाच्या टेबलावर तो फोटो पडला होता. सासूबाईंनी तो ब्लाउजमध्ये लपवून आणला होता.

"ही बघ, तीच खोली," सासूबाई म्हणाल्या. "तीच खिडकी, तेच गज. आणि हे पलंगाखालून काय बाहेर आलंय?"

"पाय," ताई म्हणाली.

"पुरुषाचे पाय! एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही. सुखासुखी पलंगाखाली जाणारा माणूस चपलेचं काहीतरी एक ठरवून जातो. आणि शेजारी बाई उभ्या. तरुणपणीच्या असल्या तरी त्याच आहेत, हनुवटी लपत नाही. हातात काय आहे?"

"काठी दिसतेय."

"आणि तोंडावर?"

"हसतायत."

"हसतायत!" सासूबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. एवढं समाधान त्यांना नातू झाला तेव्हाही झालं नव्हतं.

ताईला वाटलं, नवरा तरी यातून आईला बाहेर काढेल. पण नवरा विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून कोण खोटं बोलतंय ते शोधणं, हा त्याचा रोजचा धंदा. त्याने भिंग आणलं, फोटो दिव्याखाली धरला आणि ताईला धडकी भरवणारा तो शब्द उच्चारला.

"हंऽऽ."

"हंऽऽ काय हंऽऽ? अहो, जुना फोटो आहे. द्या, परत ठेवून येते मी."

"थांब. खालच्या कोपऱ्यात हा लालसर डाग बघितलास?"

"फोटो जुना झाला की डाग पडतात."

"हा फोटोवर पडलेला नाही, फोटोत आहे. आणि फरशी बघ. सगळी एका रंगाची. आता त्या कोपऱ्यात काय आहे?"

 त्या कोपऱ्यातल्या काही फरश्या वेगळ्या रंगाच्या होत्या, हे ताईनेही पाहिलं होतं. तिथे मशीन ठेवलं की दिसणार नाहीत, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"फोटो काढल्यानंतर फरशी उकरलेली आहे," सर्व्हेअर म्हणाला.

"पुरलाय त्याला!" सासूबाई.

"अहो आई, दुसरा मजला आहे तो! पुरला असता तर खालच्यांच्या ताटात पडला असता!"

यावर दोघंही क्षणभर विचारात पडले. मग सर्व्हेअर म्हणाला, "बाईंचे मिस्टर कुठे असतात?"

"लेकीकडे. पुढे गेलेत ते, बाईही आता तिकडेच चालल्यात. त्यांनीच नाही का सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं. तू पाहिलंस त्यांना? मी पाहिलं? शेजारच्यांनी गेल्या वर्षभरात पाहिलं?"

"आणि एक राहिलंच की," सासूबाईंनी आवाज खाली आणला. "एक पलंगाखाली, एक काठी घेऊन उभी. मग फोटो कुणी काढला? म्हणजे हात तिसऱ्याचाही आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा त्या खोलीत. सर्व्हेअर कोपऱ्यात पालथा पडला, फरशीला कान लावला आणि पान्याने टकटक करू लागला. सासूबाई शेजारी उभ्या राहून हातातली चालायची काठी उगारून "इथे, इथे वाजव, अरे मेल्या, इथे!" असं दाखवू लागल्या. ताई पडद्याची मापं राहिलीत या निमित्ताने आली होती. पण चाळिशी उलटलेला आपला नवरा जमिनीशी कानगोष्टी करतोय, हे बघून तिला हसू आवरेना. हातातली मापाची पट्टी तशीच लोंबकळत राहिली.

"पोकळ आवाज येतोय," सर्व्हेअर उठून म्हणाला. "ते मिस्टर या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

ताईचं हसू मावळलं. बाईंकडे दुसरं एक गिऱ्हाईक टपून बसलं होतं, हे तिला ठाऊक होतं. उद्या सही झाली नाही तर खोली गेली. मग पुन्हा ती बोळकांडी आहेच. संध्याकाळी घरी तिने स्वयंपाकघरात जाऊन बाईंना फोन लावला.

"बाई, एक विचारू का? उद्या सह्यांच्या वेळी तुमचे मिस्टर येऊ शकतील? यांची भेटायची फार इच्छा आहे."

 बाई जपून बोलल्या, "येतायत ते. दुपारपासून तेही हेच म्हणतायत. त्यांनाही तुमच्या मिस्टरांना बघायचंय."

"बघायचंय?"

"हो. उभं."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ त्या 'उभं'चा विचार करत होती. काही उमगलं नाही.

सकाळी सगळे त्या रिकाम्या खोलीत जमले. बाईंच्या मागून धापा टाकत एक उंच, टकलू गृहस्थ जिना चढून आले. जिवंत. इतके जिवंत की आल्या आल्या शिंकले. ताईचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंचा चेहरा मात्र जेवायला बोलावून ताट उचलून न्यावं तसा झाला.

पण गंमत म्हणजे ते गृहस्थही डोळे फाडून सर्व्हेअरकडेच बघत होते. त्यांनी सर्व्हेअरचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि विचारलं, "बरे आहात ना? घरात सगळं ठीक? घाबरू नका, आम्ही आहोत."

"मी? मला काय झालंय? प्रश्न तुमचा आहे!" असं म्हणून सर्व्हेअरने फोटो पुढे केला. "हे पाय कुणाचे?"

बाईंनी चष्मा लावला. फोटो पाहिला. आणि मग त्या जे हसायला लागल्या ते खिडकीच्या कठड्यावर बसेपर्यंत.

"अगंबाई! यांचे! अहो, रोल संपवायचा होता! लेकीच्या वाढदिवसाचे फोटो काढले आणि रोलमध्ये दोन उरले. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येईना. मग काय, दिसेल त्याचा फोटो. एक दूधवाल्याचा काढला. तेवढ्यात कॅमेऱ्याचं झाकण गेलं पलंगाखाली, हे त्याच्यामागे गेले, मी झाडूच्या दांड्याने झाकण ढकलत होते, आणि लेकीने दाबलं बटण! पहिलीत होती ती."

"आणि हे रक्त?" सासूबाईंनी अजून आशा सोडली नव्हती.

"बोट आहे हो तिचं! भिंगापुढे आलंय. असला फोटो अल्बमात कोण लावतं? पण फेकवेना, म्हणून कागदाखाली सरकवला."

"फरश्या?" सर्व्हेअरने चाचरत विचारलं.

"नळ फुटला होता," गृहस्थ म्हणाले. "खालच्यांच्या ताटात पाणी पडलं, तेव्हा कळलं."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"बरं, आता आमचंही एक आहे," बाई हसू पुसत म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. "समोरच्या इमारतीतल्या वहिनींनी काल हा पाठवला. काल दुपारपासून आमच्या घशाखाली घास नाही. हे म्हणाले, असल्या लोकांना घर विकायचं नाही, आधी पोलिसांत जाऊ."

फोटो खिडकीतून काढलेला होता, पण स्वच्छ. जमिनीवर एक माणूस पालथा पडलेला. त्याच्या डोक्यावर काठी उगारून एक म्हातारी उभी. आणि बाजूला एक बाई, हातात लांबलचक दोरी धरून, खदखदा हसणारी.

 सासूबाईंनी मोबाइल जवळ ओढला, चष्मा सावरला आणि कौतुकाने म्हणाल्या, "माझा पवित्रा बरा आलाय."

मग जे सगळे हसले, त्यातच पेन निघालं. नवऱ्याला पुन्हा "हंऽऽ" म्हणायची संधी मिळू नये, म्हणून ताईने कागद स्वतःच त्याच्यापुढे सरकवले आणि शेवटची सही वाळेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात मशीन खिडकीपाशी आलं. उजेड तसाच, खोलीभर. ताईने सुई हातात घेतली, दोरा एका झटक्यात ओवला, आणि त्या उजेडात पहिली गोष्ट शिवली ती म्हणजे त्याच खिडकीचा पडदा. चांगला जाड, दुहेरी कापडाचा. एरवी तो बाजूला सारलेला असतो. मायलेक टेबलापाशी डोकं जुळवून बसलेले दिसले, की ताई उठते आणि ओढून घेते.